व्होल्टच्या आकड्यावरून ड्रिल निवडू नये: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरातल्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर घरगुती कॉर्डलेस, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलविषयीचा एक संदेश पुन्हापुन्हा फिरून येत असतो. तो मुळात कोणी लिहिला हे कोणालाच ठाऊक नसते. पण पुढे पाठवणारे बहुतेक जण ओळखीचे आणि सद्हेतूचे असतात, म्हणूनच त्याला उत्तर द्यावेसे वाटते. संदेशाचा आशय असा: ड्रिल घेताना व्होल्ट पाहावेत, कारण व्होल्ट म्हणजेच ताकद, दोन-अडीच हजारांत ४८ व्होल्टचे ड्रिल मिळत असताना दुप्पट पैसे मोजून १२ व्होल्टचे घेणारा माणूस नुसत्या नावाला भुलतो, यंत्रावर ‘हॅमर’ लिहिलेले असले की स्लॅबलाही भोक पडते, ब्रशलेस मोटार जन्मभर जळत नाही, बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, आणि शेवटी, सगळा माल चीनमध्येच तयार होत असल्यामुळे कंपनीच्या नावाचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

यातला एकही मुद्दा अगदीच हवेतला नाही. प्रत्येकाच्या मुळाशी कधीतरी, कुठल्यातरी यंत्राबाबत खरी असलेली गोष्ट आहे. मात्र अशा अर्धवट खऱ्या गोष्टींची मोट बांधून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून घेतलेले यंत्र पुढची दिवाळी यायच्या आत माळ्यावर जाऊन पडते. माझ्या मते घरगुती कॉर्डलेस ड्रिलचा भरवसा आधी बॅटरीतल्या सेलवर आणि त्यानंतर ती बॅटरी पुढेही सुटी मिळेल की नाही यावर ठरतो. बाकीच्या गोष्टींचा क्रम त्यानंतर लागतो.

पहिला मुद्दा व्होल्टचा, आणि संदेशाचा सगळा भार त्यावरच असल्यामुळे तो सविस्तर पाहायला हवा. आजच्या कॉर्डलेस ड्रिलमध्ये लिथियम-आयन सेल असतात. अशा एका सेलचा कामकाजातला विद्युतदाब सरासरी ३.६ व्होल्ट असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. तीन सेल एकापुढे एक जोडले की १०.८ व्होल्ट होतात आणि चार्ज पूर्ण झाल्यावर १२.६, बाजारात ज्याला १२ व्होल्टचा पॅक म्हणतात तो हाच. पाच सेल जोडले की १८ व्होल्ट होतात आणि पूर्ण चार्ज झाल्या क्षणी २१. त्यामुळे १८, २० आणि २१ व्होल्टची ड्रिले ही तीन चढत्या ताकदीची यंत्रे नसून एकाच पाच सेलच्या पॅकची तीन नावे आहेत. डिवॉल्टसारखी कंपनी असाच पॅक अमेरिकेत ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणून आणि युरोपात १८ व्होल्ट म्हणून विकते, आणि अमेरिकेतल्या खोक्यावर प्रत्यक्ष कामकाजाचा दाब १८ व्होल्ट असल्याचे बारीक अक्षरांत छापतेही.

मग ४८ कुठून आले? खरोखरचे ४८ व्होल्ट मिळवायचे तर सुमारे तेरा सेल एकापुढे एक जोडावे लागतील. या यंत्रांत सर्रास वापरला जाणारा १८६५० जातीचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा नळकांडीसारखा सेल, साधारण ४५ ग्रॅम वजनाचा असतो. तेरा सेलचे नुसते वजनच सहाशे ग्रॅमच्या घरात जाईल आणि मुठीएवढ्या खोक्यात ते मावणारही नाहीत. शेजारच्या एका गृहस्थांचा असा ‘४८’ छापलेला पॅक चालेनासा झाल्यावर आम्ही उघडून पाहिला. बाहेरून चार स्क्रू होते आणि त्यांतला एक स्टिकरखाली दडवलेला होता. आत दोन थरांत बसवलेले पाच सेल, त्यांना जोडणाऱ्या निकेलच्या पातळ पट्ट्या आणि बोटभर लांबीचे एक सर्किट, एवढाच ऐवज निघाला. त्याच यंत्रासोबत आलेल्या दुसऱ्या, नुकत्याच चार्ज केलेल्या पॅकला मल्टिमीटर लावला तेव्हा नेमके २०.७ व्होल्ट दिसले. (हा उद्योग घरी करू नये, पट्टीला पट्टी टेकली की क्षणात ठिणगी उडते आणि फुगलेला सेल पेटही घेऊ शकतो.) अशा पॅकवर आकड्यापुढे बहुधा ‘व्हीएफ’ अशी अक्षरे असतात, म्हणजे ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ, ९८ व्हीएफ वगैरे. विद्युतदाब मोजण्याचे असे कोणतेही एकक नाही, आणि म्हणूनच त्या आकड्याला वरची मर्यादाही नाही.

शिवाय व्होल्ट खरे असले तरी ते एकटे पुरेसे नसतात. मोटारीला मिळणारी शक्ती व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकाराने ठरते. सागवानी चौकटीत लांब स्क्रू अखेरच्या दोन-तीन फेऱ्यांना आवळताना १८ व्होल्टचे ड्रिल २० अँपिअरपर्यंत विद्युतप्रवाह ओढू शकते, म्हणजे त्या क्षणी ३६० वॉट. चांगल्या प्रतीचे, जास्त प्रवाह देण्यासाठी बनवलेले सेल एवढा प्रवाह देतात आणि तरीही त्यांचा दाब फारसा पडत नाही. पॉवर बँकेत चालतील असे साधे सेल तिथे दम सोडतात, दाब एकदम खाली येतो आणि संरक्षक सर्किट पुरवठा तोडते. ‘चार्ज पूर्ण दाखवते, मोकळे फिरवले तर सुसाट फिरते, पण जोर दिला की बंद पडते’ ही जी तक्रार दुरुस्तीच्या दुकानांत नेहमी ऐकू येते, तिचे कारण बहुतेक वेळा हेच असते. मोटार बिचारी निर्दोष असते.

अँपिअर-अवरच्या, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते ते सांगणाऱ्या आकड्याचीही अशीच परीक्षा घेता येते, आणि त्यासाठी मल्टिमीटर लागत नाही, किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. १८६५० जातीच्या एका सेलची क्षमता जास्तीत जास्त ३.५ अँपिअर-अवरच्या आसपास असते आणि जोराच्या कामासाठीच्या सेलमध्ये ती त्याहूनही कमी, सहसा २ ते ३ असते. याचा अर्थ, १८ व्होल्टच्या पॅकवर ४ अँपिअर-अवर लिहिलेले असेल तर आत असे दहा सेल तरी हवेत, किंवा मग २१७०० जातीचे पाच मोठे सेल हवेत, ज्यांचे वजन प्रत्येकी सत्तर ग्रॅमच्या आसपास असते. कोणत्याही मार्गाने गेले तरी नुसत्या सेलचेच वजन साडेतीनशे ग्रॅमच्या खाली येत नाही. ‘६ अँपिअर-अवर’ छापलेला पॅक प्लास्टिकच्या खोक्यासकट तीनशे ग्रॅम भरत असेल, तर आणखी चौकशी करण्याची गरजच उरत नाही.

टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये सांगतात, आणि ड्रिलची ताकद जोखायची असेल तर व्होल्टपेक्षा हा आकडा जास्त उपयोगाचा आहे. त्यातही दोन प्रकार आहेत: लाकडासारख्या मऊ वस्तूत सलग पिळतानाचा जोर आणि धातूवर टेकून एकदम अडल्यानंतरचा जोर. दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटीपेक्षाही जास्त असू शकतो, त्यामुळे एका यंत्राचा मऊ आकडा आणि दुसऱ्याचा कठीण आकडा शेजारी ठेवून तुलना केली की फसगत ठरलेलीच. ज्या माहितीपत्रकात दोन्ही आकडे वेगवेगळे दिलेले असतात, ते बनवणाऱ्याने निदान मोजमाप केलेले असते असे मी धरतो.

‘१२ व्होल्टचे घेणारा नावाला भुलतो’ या शेऱ्याचे उत्तरही इथेच मिळते. बिजागऱ्या, कड्या, ड्रॉवरच्या चॅनेल, पडद्यांच्या ब्रॅकेटचे स्क्रू, स्विचबोर्डाच्या प्लेटी, गौरी-गणपतीच्या मखराचे प्लायवूड एवढीच कामे असतील तर चांगल्या प्रतीच्या १२ व्होल्टच्या यंत्राला ती जड जात नाहीत. ते साधारण सव्वा किलोच्या आत बसते, तर १८ व्होल्टचे यंत्र बॅटरीसह दीड किलोच्या पुढे जाते. स्टुलावर उभे राहून एका हाताने ब्रॅकेट धरून दुसऱ्या हाताने ड्रिल डोक्याच्या वर उचलणाऱ्या माणसाला हा फरक चांगलाच जाणवतो. याउलट तासगाव-पलूसकडचे जे शेतकरी ठिबकच्या सबमेन पाइपला एका दमात शंभर-दोनशे छिद्रे पाडून ग्रोमेट बसवतात किंवा द्राक्षमंडपाच्या लोखंडी अँगलला भोके घेतात, त्यांनी १८ व्होल्ट आणि दोन बॅटऱ्या घ्याव्यात. कामाचे स्वरूप बदलले की उत्तर बदलते. संदेशात कामाचा उल्लेखच नाही.

दुसरा मुद्दा ‘हॅमर’चा. घरगुती ड्रिलमधल्या हॅमरमध्ये एकमेकींसमोर बसवलेल्या दोन दातेरी चकत्या असतात. बिट भिंतीवर दाबले की दात दातांवरून घसरतात आणि चक, म्हणजे बिट धरणारा पुढचा जबडा, मिनिटाला हजारो वेळा किंचित पुढे-मागे होतो. धक्के भरपूर, पण प्रत्येक धक्का अगदी हलका, आणि त्याचा जोर बऱ्याच अंशी दाबणाऱ्याच्या खांद्यातून येतो. गवंडी आणि वायरमन ज्याला रोटरी हॅमर म्हणतात त्याची रचना निराळी असते: त्यात दट्ट्या हवा दाबतो आणि त्या दाबलेल्या हवेच्या जोराने आतला घण बिटावर आदळतो. तिथे धक्क्याची ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात आणि लहान यंत्रही दोन ज्यूलच्या आसपासचा ठोका देते. त्याचे बिटही वेगळे, खाचांच्या दांड्याचे असते, जे १९७५ पासून एसडीएस या नावाने ओळखले जाते आणि साध्या तीन जबड्यांच्या चकात ते नीट धरले जात नाही.

आपल्याकडच्या भिंतींच्या बाबतीत हा फरक जास्तच महत्त्वाचा ठरतो. कृष्णाकाठच्या गाळमातीच्या भाजक्या विटांची भिंत असेल तर १२ व्होल्टचे इम्पॅक्ट ड्रिल, म्हणजे दातेरी चकत्यांच्या हॅमरचे ड्रिल, ६ मिलिमीटरचे भोक सहज पाडते. नव्या इमारतींतल्या हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकला तर हॅमर लावूच नये. भोक मोठे होऊन रावल प्लग सैल बसतो, तिथे साधे फिरवणेच योग्य. वाई-सातारच्या जुन्या वाड्यांत चिरेबंदी जोत्याच्या काळ्या दगडाला हात लावण्याऐवजी सांध्यातल्या चुन्यात भोक घेणे शहाणपणाचे असते, आणि महाबळेश्वर-पाचगणीकडचा जांभा एवढा सच्छिद्र असतो की तिथे भोकापेक्षा प्लग धरून राहण्याचीच काळजी जास्त.

खरी परीक्षा काँक्रीटमध्ये होते. आपल्या भागातल्या काँक्रीटमधली खडी काळ्या दगडाची, म्हणजे बेसॉल्टची असते. पडद्याचा रॉड लावायला खिडकीच्या वर भोक घ्यायला गेलेल्या माणसाला पहिले सेंटिमीटरभर, प्लास्टर असेपर्यंत, वाटते की काम झाले. मग बिट लिंटेलमधल्या, म्हणजे खिडकीवरच्या काँक्रीटच्या पट्टीतल्या खडीला लागते, आवाज बदलतो, पांढऱ्या भुकटीऐवजी करडी, गरम भुकटी चिमूटभर येऊ लागते आणि भोक तिथेच थांबते. माणूस अंगाचा भार टाकतो. बिटाचे टोक निळे पडते, त्यावरची कार्बाइडची चकती बोथट होते, बॅटरी तापते. संदेश वाचून घेतलेली बरीच यंत्रे या लिंटेलपाशीच बदनाम होतात. वास्तविक बाराच काय, अठरा व्होल्टच्या साध्या इम्पॅक्ट ड्रिलकडूनही स्लॅब, कॉलम आणि बीम यांत एखाद-दुसऱ्या भोकापलीकडे अपेक्षा ठेवू नये. त्या कामापुरता रोटरी हॅमर हार्डवेअरवाल्याकडून किंवा ओळखीच्या वायरमनकडून दिवसभरासाठी आणावा. ज्या घरात वर्षातून दोन-चारदाच भिंतीला भोक घ्यायचे असते आणि हाताशी प्लग पॉइंट असतो, तिथे तर वायरचे, १३ मिलिमीटरच्या चकाचे इम्पॅक्ट ड्रिलच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. ते बॅटरीच्या चांगल्या यंत्रापेक्षा स्वस्त पडते, आणि चार महिने कपाटात पडून राहिल्याने त्याचे काही बिघडत नाही. कॉर्डलेस घेणे ही आता थोडी हौसेचीही बाब झाली आहे; हौसेला माझी हरकत नाही, पण ती गरज म्हणून सांगितली जाऊ नये.

ब्रशलेस मोटारीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तिच्यात फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश घासत नाहीत, त्यामुळे ऊर्जा कमी वाया जाते आणि एका चार्जवर काम जास्त होते, हे खरे आहे. पण घरगुती वापरात कार्बन झिजायलाच कित्येक वर्षे लागतात आणि ज्या यंत्रांत ते बदलता येतात तिथे ते किरकोळ किमतीत मिळतात. ब्रशलेस यंत्रात मोटारीला चालवणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड असते. ते गेले की बहुतेक वेळा अख्खे कार्डच बदलावे लागते. शिवाय घरगुती ड्रिलमध्ये बॅटरी, ट्रिगरचा स्विच, गिअर आणि चक या गोष्टी मोटारीच्या आधी कुरकुरतात. स्वस्त यंत्रावरचा ‘ब्रशलेस’ हा शब्द तपासायचा असेल तर हवेच्या फटींतून डोकावावे. चालू करताना आत निळसर ठिणग्या दिसल्या तर आत कार्बन आहेत.

बॅटरी पूर्ण उतरवण्याचा सल्ला मात्र घातक आहे, आणि तो इतका का रुजला हे समजून घेण्यासारखे आहे. ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्ये पहिले कॉर्डलेस ड्रिल बाजारात आणले तेव्हा त्यात निकेल-कॅडमियमची बॅटरी होती, आणि त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे कॉर्डलेस यंत्रे मुख्यतः निकेलच्याच बॅटऱ्यांवर चालली. निकेल-कॅडमियमला अर्धवट उतरवून पुन्हापुन्हा चार्ज केले तर तिची उपयोगी क्षमता घटल्यासारखी होते, म्हणून ती मधूनमधून पूर्ण उतरवावी असे त्या काळची माहितीपत्रकेच सांगत. पहिल्या चार्जिंगला रात्रभर लावण्याची पद्धतही त्याच पिढीची. २००५ च्या सुमारास मोठ्या अवजारांत लिथियम-आयन आली आणि हे सगळे नियम उलटे झाले. लिथियमच्या सेलला अशी सवय लागत नाही. उलट तो अडीच व्होल्टच्या खाली गेला की त्याला कायमची इजा होते. चांगल्या यंत्रातले सर्किट त्याआधीच पुरवठा बंद करते. म्हणूनच यंत्र थांबल्यावर पुन्हापुन्हा ट्रिगर दाबून ‘उरलेली’ बॅटरी काढून घेण्याचा प्रयत्न करू नये, आणि उतरलेली बॅटरी तशीच महिनोन्‌महिने ठेवूनही देऊ नये, कारण पडून असतानाही ती थोडी थोडी उतरतच राहते. बराच काळ वापर नसेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवावा. गच्च भरलेली बॅटरी उष्णतेत ठेवणे हेही तिचे आयुष्य कमी करणारे आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकत असताना पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती विसरू नये. काम संपल्यावर गरम असलेली बॅटरी थोडी निवू द्यावी आणि मग चार्जरला लावावी.

सांगलीकरांसाठी यातच एक पुरवणी. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत ज्यांच्या तळमजल्यावर पाणी आले, त्यांच्यापैकी अनेकांनी वायरची यंत्रे वाळवून, वार्निश मारून पुन्हा चालू केली, आणि ते शक्यही असते. लिथियमच्या पॅकला तो न्याय लावता येत नाही. पुराचे गढूळ पाणी आत गेलेला पॅक वरून वाळलेला दिसला तरी आतल्या पट्ट्या आणि सर्किट गंजत राहते; तो चार्जिंगला लावू नये, घरातही ठेवू नये.

राहिला चीनचा मुद्दा. मोठ्या नावांची पुष्कळ यंत्रे चीनमधल्या कारखान्यांतून येतात हे अगदी खरे आहे. मकिताचा कुन्‌शान येथे आणि बॉशचा हांगचौ येथे कारखाना आहेच. पण त्यावरून दोन यंत्रे सारखी ठरत नाहीत. एकाच शहरातल्या दोन कारखान्यांत एकाला अमुक प्रतीचे सेल, अमुक धातूचे गिअर आणि तपासणी ठरवून दिलेली असते आणि दुसऱ्याला फक्त किंमत ठरवून दिलेली असते. त्या दोघांचा माल देशाच्या नावाने एक होत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी आहे. पॅकवर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो क्रमांक टाकून नोंदणी कोणाच्या नावावर आहे हे दुकानात उभ्या उभ्या पाहता येते. संदेशात ज्या यंत्रांची भलामण आहे, त्यांतल्या कित्येकांच्या पॅकवर मोठ्ठा व्होल्टचा आकडा असतो आणि हा छोटा क्रमांक नसतो.

सुट्या बॅटरीचा प्रश्न याहूनही महत्त्वाचा आहे. प्रत्येक कंपनीच्या पॅकचा आकार आणि खाचा वेगळ्या असतात. इतकेच काय, बॉशच्या घरगुती हिरव्या आणि व्यावसायिक निळ्या यंत्रांच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्याही एकमेकींच्या जागी बसत नाहीत. बॅटरी तीन-चार वर्षांत थकणार हे गृहीत धरले पाहिजे, वापर कमी असला तरीही, कारण सेल वयानेही म्हातारा होतो. त्या वेळी तोच पॅक सुटा मिळाला नाही तर धडधाकट मोटार, गिअर आणि चक असलेले यंत्र भंगारात घालावे लागते. बाजारात मकिताच्या खाचांची नक्कल केलेले ‘मकिता टाइप’ पॅक भरपूर दिसतात आणि अनेक अनामिक यंत्रांना ते बसतातही. त्यामुळे यंत्र जगते खरे, पण आतल्या सेलचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि वर सांगितलेला वजनकाटा पुन्हा काढावा लागतो.

म्हणून गणपती पेठेत किंवा सातारच्या पोवई नाक्यावर, कुठेही यंत्र पाहायला गेलात तरी दुकानदाराला ड्रिलच्या किमतीआधी त्याच बॅटरीची सुटी किंमत विचारावी आणि शक्य असल्यास ती काढून दाखवायला सांगावी. वॉरंटी कार्डावर बॅटरी आणि चार्जर वगळले आहेत का ते वाचावे. सेवा केंद्र सांगलीत आहे, कोल्हापुरात आहे की थेट पुण्याला, हे विचारावे. मग चकात एक लांब, सरळ बिट लावून हळू फिरवावे: टोक डोलत असेल तर चक किंवा त्याचा दांडा वाकडा आहे. ट्रिगर अगदी हलका दाबून यंत्र मुंगीच्या पावलाने फिरते की एकदम झेप घेते ते पाहावे, कारण स्क्रूच्या डोक्याचा सत्यानाश त्या झेपेनेच होतो. ट्रिगर सोडताच चक जागच्या जागी थांबायला हवा. क्लचची, म्हणजे ठरावीक जोरानंतर पकड सोडणाऱ्या भागाची कडी लहान आकड्यावर ठेवून लाकडाच्या तुकड्यात स्क्रू पिळावा. तो बसताच कडकड आवाज करत क्लच सुटला पाहिजे, मोठ्या आकड्यावर उशिरा. आणि दुकानदार ‘बॅटरी वेगळी मिळत नाही, पण हिला काही होत नाही’ असे म्हणाला, तर खोक्यावर कितीही व्होल्ट छापलेले असोत, ते यंत्र त्याच्याच काउंटरवर राहू द्यावे.